घराला वाफसा येऊ द्या



या पानावर आम्ही आजवर बेणे, लागण, खोडवा, खताचे हप्ते आणि हुमणी याच विषयांवर लिहीत आलो आहोत. या खेपेला विषय घराचा आहे. घरबांधणी हे काही ऊस विकास खात्याचे काम नव्हे आणि आम्ही इंजिनिअरही नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर आम्ही नदीकाठच्या गटांतून हिंडत पाहिले. पूर ओसरल्यावर गावात लवकर पोचणाऱ्यांत आपले चिटबॉय आणि शेतकी खात्याची माणसे असतात. जायचे ऊस बघायला आणि घरे बघून परतायचे, असे तिन्ही वेळा झाले. त्या वेळी जे डोळ्यांनी पाहिले, ते कारखान्याच्या सिव्हिल खात्यातील जाणत्या मंडळींकडून समजून घेऊन येथे मांडत आहोत. पावसाळ्याच्या तोंडावर वाचून ठेवावे. पूर आल्यावर वाचायला कुणाला सवड नसते.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, तिथे ५५ फूट ओलांडले. हे आकडे आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ आहेत. पण घराच्या दृष्टीने पाणी किती फूट चढले यापेक्षा भिंत किती दिवस पाण्यात उभी राहिली आणि पाणी गेल्यावर आपण काय घाई केली, हे जास्त महत्त्वाचे.

एक प्रसंग सांगतो. २०१९ चीच गोष्ट. पाणी उतरून आठ-नऊ दिवस झालेले, लख्ख ऊन पडलेले. एका सभासदाच्या घरी आम्ही आणि चिटबॉय खोडव्याच्या नुकसानीची नोंद घ्यायला गेलो. घर जुने, मातीच्या भेंड्यांचे, वरून सिमेंटचा गिलावा. मंडळी चिखल काढत होती आणि घरातले म्हातारे आबा मागच्या भिंतीला पाठ लावून बसले होते. आम्ही म्हणालो, "आबा, भिंतीला टेकू नका." ते हसले. "सायेब, म्हापुरात हुबी ऱ्हायली ती आता उनात कशाला पडंल?" तेवढ्यात सुनेने चहा आणला म्हणून आबा उठून सोप्यात आले. कप निम्मा झाला नसेल, ती भिंत पोटातून फुगली आणि खाली बसली. आवाजही मोठा झाला नाही. धूळसुद्धा उडाली नाही, कारण आतून सगळा चिखलच होता. आबा बराच वेळ हातातल्या कपाकडे बघत राहिले. आम्हालाही काही बोलायला सुचले नाही.

उन्हात भिंत का पडते?

आबांचा प्रश्न मात्र रास्त होता. पुरात उभी राहिलेली भिंत उन्हात का पडावी? त्याचे कारण असे. मातीची भिंत कोरडी असते तोवर दगडासारखी असते. तिच्यातला चिकणपणा कोरडा असतानाच कणांना धरून ठेवतो. भिजली की तीच माती लोण्यासारखी होते. सगळ्या भिंतीचा, माळवदाचा, कौलांचा भार शेवटी खालच्या दोन-तीन फुटांवर येतो आणि नेमका तोच भाग सर्वांत जास्त दिवस भिजतो. पाणी आत-बाहेर सारख्या उंचीवर असते तेव्हा ते दोन्ही बाजूंनी भिंतीला एक प्रकारे आधारच देते. पाणी उतरले की तो आधार जातो, भिंतीने प्यालेल्या पाण्याचे ओझे मात्र राहते. वरून ऊन पडले की बाहेरचे कातडे वाळून आकसते, आत चिखल तसाच, मग भेग पडते. म्हणून पाणी उतरल्यानंतरचे पंधरा-वीस दिवस, आणि त्यातही पहिले कडक ऊन, हा मातीच्या घराला सर्वांत धोक्याचा काळ समजावा. ज्या घराला बाहेरून सिमेंटचा गिलावा आहे ते घर तर जास्तच फसवते. वरून टणक दिसते आणि आतली ओल बाहेर पडायला वाट नसते.

दगडाची भिंत असली तरी सांध्यात माती भरलेली असेल तर हिशेब जवळपास तोच. सांध्यातली माती धुऊन जाते आणि दगड नुसते एकमेकांवर रचल्यासारखे राहतात. भाजक्या विटांचे सिमेंटमधले घर आणि कॉलमचे घर सहसा असे पडत नाही. मात्र त्यांचा पाया कुठल्या जमिनीवर आहे तेही पाहावे लागते. त्याबद्दल पुढे लिहिलेच आहे.

घरात पाऊल टाकण्यापूर्वी

घराची ओढ सगळ्यांनाच असते. पण पहिली फेरी बाहेरून मारावी. दिवसाउजेडी, दोघे मिळून, पायात गमबूट आणि हातात काठी घेऊन. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून सुटल्या आहेत का, भिंतीला पोट आले आहे का, भिंत आणि तुळई यांत फट दिसते का, जोत्याखालची माती वाहून जाऊन पोकळी झाली आहे का, हे पाहावे. गवंड्याकडचा ओळंबा धरला तर झुकलेली भिंत दोन मिनिटांत कळते. नुसत्या डोळ्याला ती कळत नाही. माळवदाचे घर असेल तर वरची माती पावसाने भिजून किती जड झाली असेल याचाही विचार करावा. शंका आली तर आत जाऊ नये. तुळईखाली जाणत्या माणसाकडून टेकू लावून घ्यावेत. तोवर भांडी, कपडे आतच राहू द्यावेत.

दार अडकले असेल तर पहार लावू नका. पाण्याने लाकूड फुगून दार अडकते हे खरे, पण कधी कधी वरची भिंत चौकटीवर बसलेली असते आणि ते दारच तिला तोलून धरत असते. खिडकीतून आधी डोकावून पाहावे.

विजेबद्दल काय सांगावे! गावात लाइट आली की सगळ्यांना आनंद होतो आणि कुणीतरी जाऊन मेन स्विच वर करतो. ज्या घरात बोर्ड पाण्याखाली होता त्या घरात हे कदापि करू नये. बोर्ड वरून सुकलेला दिसतो, पण भिंतीतल्या पाइपात आठवडे पाणी साचून राहते आणि ओली भिंत स्वतःच वीज वाहून नेते. लाइट नसतानाच, कोरड्या जागी उभे राहून मेन स्विच बंद करता येत असेल तर करावा. बोर्डापाशीच पाणी असेल तर हात न लावता बाहेरूनच पुरवठा तोडून घ्यावा. मग परवानाधारक वायरमनला बोलावून सर्व वायरिंग मेगर लावून तपासावे. इन्सुलेशनचा रोध एक मेगओमच्या खाली भरला तर ते वायरिंग चालू करू नये. भिजलेले स्विच आणि एमसीबी बदलूनच टाकावेत, सुकवून वापरू नयेत. या निमित्ताने मीटरपाशी अर्थ लीकेज ब्रेकर बसवून घ्यावा. खर्च होतो, पण तो आयुष्यात एकदाच. इन्व्हर्टर असेल तर लक्षात ठेवा, गावची लाइट गेलेली असली तरी त्याच्या बॅटरीत वीज असतेच. विहिरीवरच्या आणि नदीकाठच्या मोटारींनाही हाच नियम. गॅसचा सिलिंडर वाहून आलेला असो की घरातलाच, एजन्सीने रेग्युलेटर आणि नळी तपासल्याशिवाय पेटवू नये.

साप-विंचवाची भीती वेगळी सांगायला नको. घोणस, नाग, मण्यार ही मंडळीसुद्धा आपल्यासारखीच पुरातून जीव वाचवून वर आलेली असतात आणि नेमकी पत्र्याच्या, सरपणाच्या, ओल्या वाकळांच्या ढिगात बसतात. ढीग आधी काठीने हलवावा, मग हात घालावा. चावलेच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे असले काही न करता, अंग कमीत कमी हलवून, सरळ दवाखाना गाठावा.

चिखल काढण्यातही पद्धत आहे

चिखल काढण्याआधी फोटो काढा. पाण्याची खूण भिंतीवर कुठवर आली ते दिसेल असे, प्रत्येक खोलीचे, आणि फेकून द्यायच्या वस्तूंचेही. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत चिखल तसाच ठेवावा की काढावा, हा घोळ आम्ही गावोगाव पाहिला. काहींनी पंचनाम्यासाठी आठ-आठ दिवस चिखल तसाच ठेवला आणि घर आणखी खराब करून घेतले. काहींनी सगळे धुऊन-पुसून टाकले आणि मग दाखवायला काही उरले नाही. फोटो आणि दोन शेजाऱ्यांची साक्ष ठेवून कामाला लागणे हेच आम्हाला बरे वाटते. विमा असेल तर कंपनीला आधी कळवावे.

चिखल ओला आहे तोवरच काढावा. वाळला की तो दगड होतो. मात्र आतला आणि बाहेरचा चिखल बरोबरीने काढत जावा. आतून सगळा उपसून बाहेर भिंतीला चार फुटांचा थर तसाच ठेवला तर तो ओला थर भिंत आत ढकलतो. काढलेला गाळही भिंतीच्या कडेला रचू नका, गल्लीपलीकडे टाका. धान्याची पोती भिंतीला लावून रचलेली असतील तर ती लवकर हलवावीत. भिजलेले धान्य फुगते आणि कच्च्या भिंतीला रेटते. दोन-तीन दिवसांत ते आंबू लागते, ते निराळेच.

इथे आपल्या लोकांची एक आवडती युक्ती आहे, ती म्हणजे औषध मारायचा एचटीपी पंप लावून घर धुणे. स्लॅबच्या घरातल्या फरशीला एक वेळ चालेल. मातीच्या भिंतीवर तो फवारा मारणे म्हणजे पुराने अर्धवट सोडलेले काम पुरे करणे होय. शिवाय ज्या पंपातून वर्षभर तणनाशक आणि कीटकनाशक गेले, तो स्वयंपाकघरात फिरवायचा? बादली, खराटा आणि गोणपाट यांनीच काम करावे.

शहाबादी फरशी काठीने ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला तर खालचा मुरूम वाहून गेला आहे असे समजावे आणि तिथे तिजोरी किंवा कणगी ठेवू नये. फरशी उचलून मुरूम भरून, धुम्मस करून मगच ती परत बसवावी.

गाळ निघाला की साबणाच्या पाण्याने धुवावे आणि मग जंतुनाशक वापरावे. क्रम उलटा करू नये. चिखलावर टीसीएल पावडर फेकली तर तिचा जोर त्या घाणीतच संपतो, जंतू मरत नाहीत. टीसीएल पावडर संडास धुण्याच्या ॲसिडात कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात तो माणसाला खाली पाडतो. शेतकऱ्याच्या घरात आणखी एक धोका असतो तो युरियाचा. फुटलेले युरियाचे पोते आणि टीसीएल पावडर एकत्र आली तर त्यातूनही घातक, स्फोटक असे पदार्थ तयार होतात. म्हणून खत आणि पावडर वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा.

खताचा विषय निघालाच आहे तर औषधांचेही सांगतो, कारण ही आमच्याच खात्यातली गोष्ट आहे. फोरेट म्हणजे आपले थायमेट, त्यावर २०२० अखेर बंदी आली, तरी जुने पुडे अजून माळ्यावर किंवा गोठ्याच्या कोनाड्यात सापडतात. पुरात ते फुटले असतील तर त्या जागेचा चिखल उघड्या हाताने काढू नये आणि जनावरांना तिथे बांधू नये. फुटलेली बाटली गटारात धुऊ नये. त्यावर कोरडी माती टाकून ती माती वेगळी जमा करून ठेवावी आणि गट ऑफिसला कळवावे.

काम करणाऱ्याने हातमोजे आणि गमबूट घालावेत. पायाला जखम असेल तर त्याने चिखलात उतरूच नये. उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पुरानंतर आठ-पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही दिसले तर "थंडीताप असेल" म्हणून अंगावर काढू नये. पुराच्या चिखलात काम केले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आधी घ्यायच्या गोळ्यांबद्दल आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

तळघर, पेव आणि विहीर यांच्याबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हरिपूरची हळदीची पेवे सर्वांना ठाऊक आहेत, २००५ च्या पुरात त्यांची किती हानी झाली तेही. जमिनीखालच्या बंद जागेत कुजलेल्या मालाचा वायू साचतो, त्याला वास नसतो आणि तिथला प्राणवायू संपलेला असतो. आत गेलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. अशा जागी कुणीही उतरू नये. दुसरी गोष्ट उपशाची. बाहेरची जमीन पाण्याने तुडुंब असताना तळघर किंवा घराजवळची विहीर मोठी मोटार लावून एका दिवसात कोरडी केली, तर बाहेरच्या पाण्याचा रेटा भिंतीला आत लोटतो. दोन-तीन फूट उपसावे, खूण करावी, रात्रभर थांबावे. सकाळी पाणी खुणेच्या वर आलेले दिसले तर बाहेरची पातळी अजून उतरलेली नाही असे समजून थांबावे.

वाफसा

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी शेतात नांगर घालतो का? नाही. मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळतो, खाली टाकतो, तो फुटला तर वाफसा आला म्हणतो. ओल्यात नांगर घातला तर ढेकळे निघतात आणि ते रान पुढे वर्षभर त्रास देते, हे आम्ही तुम्हाला शिकवायची गरज नाही. मग घराच्या बाबतीतच आपण वाफशाची वाट का बघत नाही?

आम्हीही पाहिली नव्हती. २०१९ मध्ये आमच्या घरात चार फूट पाणी होते. भिंत नऊ इंची विटांची. गणपती गेले, दसरा गेला, पाहुणे म्हणाले, "दिवाळी अशी ओल्या भिंतीत करणार?" आम्ही गवंडी लावला, खालचा पोपडे आलेला भाग खरवडून सिमेंटचा गिलावा केला, वर ऑइल पेंट मारला. दिवाळी झकास झाली. होळीच्या सुमारास रंगाला फोड आले. मग गिलावा फुगला, पांढरा लोणा बाहेर पडला आणि एक दिवस हातभर खपली कपाटामागे गळून पडली. मागची वीट तेव्हाही ओलीच होती. त्या गळिताचा बोनस त्या भिंतीत गेला. पुन्हा काम केले आणि २०२१ चा पूर आला. घरातील मंडळी अजून ऐकवतात. ऐकवू देत. शेतकऱ्याला वाफसा शिकवणाऱ्या माणसाने असे करावे, याला काय म्हणावे!

इंग्लंडातल्या बांधकामवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे की भिजलेली वीटभिंत वाळायला जाडीच्या दर इंचाला महिना लागतो. आपल्याकडे ऑक्टोबर हीट आहे, नंतर कोरडा हिवाळा आहे, त्यामुळे काम लवकर होते. पण नऊ इंची भिंत दोन महिन्यांत वाळत नाही, हे आम्ही पैसे मोजून शिकलो. वीट आपल्यात पाणी ओढून घेते आणि ते पुराच्या खुणेच्याही वर चढते. सुकताना ते पाणी बरोबर क्षार घेऊन पृष्ठभागावर येते, तोच हा लोणा. लोणा दिसला म्हणजे भिंत वाळू लागली आहे. तो कोरड्या कुंच्याने झाडून टाकावा. पाण्याने धुतला तर क्षार पुन्हा आत जातात.

भिंतीचा वाफसा ओळखायची साधी रीत आहे. हात-दीड हात लांबरुंद प्लास्टिकचा कागद घ्यावा, भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवावा आणि एक दिवस-रात्र ठेवावा. काढल्यावर आतून दव दिसले किंवा कागदाखालची भिंत काळपट झालेली दिसली तर ओल अजून आहे. जमिनीपासून हातभर उंचीवर एक आणि पुराच्या खुणेपाशी एक, असे दोन कागद लावावेत. पंधरा दिवसांनी पुन्हा लावावेत. दोन्ही कोरडे निघाल्याशिवाय गिलावा नाही, रंग नाही, फरशीच्या पट्ट्या नाहीत.

तोवर भिंतीला वारा लागू द्यावा. विटांच्या भिंतीवरचा पोपडलेला सिमेंटचा गिलावा पुराच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाकला की ओलीला वाट मिळते. मातीच्या भिंतीवरचा सिमेंट गिलावा मात्र आपल्या मनाने एकदम सोलू नये. कधी कधी ते कातडेच भिंत धरून असते. आधी टेकू, मग जाणत्याच्या देखरेखीखाली थोडा थोडा. कपाटे, पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढावेत. खिडक्या दिवसा उघड्या ठेवाव्यात, पाऊस असेल तेव्हा मिटाव्यात. वायरिंग तपासून झाले असेल तर पंखा खिडकीकडे तोंड करून लावावा, म्हणजे दमट हवा बाहेर जाते. घाईने वाळवायला बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवणे किंवा घरातच जनरेटर चालवणे हे प्रकार अतिशय घातक आहेत. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसाला उठू देत नाही. जनरेटर घराबाहेर, खिडकीपासून लांब ठेवावा.

भिंतीवर काळी-हिरवी बुरशी धरली असेल तर ती कोरडी खरवडू नये, तिची धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने साबण लावून पुसावी, तोंडाला चांगला मास्क असावा. दमेकरी आणि लहान मुलांना त्या कामात जवळ येऊ देऊ नये. कापसाच्या गाद्या, उशा यांचा मोह सोडावा. त्या आतून कधीच वाळत नाहीत.

आणि ही जमीन! आपल्या नदीकाठची काळी जमीन कशी आहे ते तुम्ही उन्हाळ्यात पाहताच. हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात मिटतात. भिजली की फुगते, वाळली की आकसते. हीच जमीन घराच्या पायाखाली आहे. पुरात ती फुगून घर किंचित उचलते आणि पुढे जानेवारी ते मे असे पाच महिने हळूहळू आकसत बसते, तेही सगळीकडे सारखे नाही. उन्हाची बाजू आधी, सावलीची मागून. म्हणून चांगल्या सिमेंटच्या घरांनाही पुरानंतर सहा महिन्यांनी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा पडतात. सभासद घाबरून गवंड्याला बोलावतात, तो भेग बुजवतो आणि महिन्याने शेजारी दुसरी पडते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहावी, मध्यावर रुंदी लिहावी. दर पंधरवड्याला बघावे. वाढत असेल तर इंजिनिअरला दाखवावे. दोन-तीन महिने जिथल्या तिथे असेल तर पुढचा उन्हाळा संपताना बुजवावी. भेगेत पैशाचे नाणे सहज जाऊ लागले किंवा भेगेच्या दोन बाजू मागेपुढे झाल्या, तर मात्र वाट पाहू नये.

मातीच्या भिंतीचा खालचा भाग निकामी झाला असेल तर तो बदलता येतो. तेही टेकू देऊन, एका वेळी दोन-अडीच फुटांचा तुकडा काढून, तिथे भाजकी वीट किंवा दगड सिमेंटमध्ये बांधून, तो पक्का झाल्यावर मधला तुकडा सोडून पुढचा घ्यायचा. सलग लांब उघडले की भिंत बसलीच म्हणून समजा. नव्या बांधणीत हा पक्का भाग पुराच्या खुणेच्या वर न्यावा. वरच्या मातीला गिलावा चुन्याचाच करावा, तो ओल बाहेर सोडतो. गवंडी सिमेंटचा आग्रह धरतील, कारण त्यांना ते सोपे जाते. आपण ऐकू नये.

ज्या सभासदांना भिंतीबद्दल शंका असेल त्यांनी आपल्या गट ऑफिसात नाव नोंदवावे. सिव्हिल खात्यातील ओव्हरसियरना घेऊन पाहणीस येण्याचा आम्ही प्रयत्न करू.

शेवटी दारांचे. फुगलेल्या दाराला लगेच रंधा मारायला सुताराला बोलावू नका. दार बिजागरीवरून काढून सावलीत, वारा लागेल अशा जागी, आडवे ठेवावे, खाली चार विटा द्याव्यात. होळीपर्यंत ते बहुधा आपोआप चौकटीत बसते. आज रंधा मारलात तर एप्रिलमध्ये त्याच दारातून दोन बोटांची फट दिसेल.